खडखडाटाआडचा आवाज
फिरत्या घरातील बिघाड कानाने कसा ओळखावा?

फोंड्याहून चोर्ला घाट चढून बेळगाव, पुणे, छत्रपती संभाजीनगर, अजिंठा, भुसावळ, रावेर या मार्गाने बऱ्हाणपूर गाठायचे तर सुमारे साडेनऊशे किलोमीटरांची मजल मारावी लागते. तापीकाठचे हे शहर मध्य प्रदेशात असले तरी मराठी माणसाला ते परके नाही. छत्रपती संभाजी महाराजांनी राज्याभिषेकानंतर लगेचच, 1681 च्या प्रारंभी, मोगलांच्या या संपन्न ठाण्यावर धडक मारली होती. त्याआधी पन्नास वर्षे, 1631 मध्ये, मुमताज महलने येथेच देह ठेवला. सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भूमिगत मार्गाने शहरापर्यंत आणणारा कुंडी भंडारा आजही पाहता येतो. एप्रिलच्या अखेरीस आम्ही चौघे एका कॅम्पर व्हॅनमधून तिकडे निघालो, ते हे सारे पाहण्यासाठी. प्रत्यक्षात प्रवासभर आमचे लक्ष वेधून घेतले ते गाडीतल्या आवाजांनी.

प्रवासी व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेल्या फिरत्या घरात आवाज असणारच, अशी आमची समजूत होती. कपाटात स्टीलची भांडी, ओट्याखाली गॅसची टाकी, मागे पाण्याची टाकी, छतावर सौर पॅनेल. एवढा संसार हलत असताना शांतता कोठून येणार? घाटात खडखड, सपाटीवर कुरकुर, आणि गाडी सुटताना किंवा ब्रेक दाबताना मागून येणारा एक बोजड ‘धप्प’. हा धपका पाण्याच्या टाकीचा, असे आम्ही ठरवून टाकले होते. तर्क चुकीचा नव्हता. गाडीने वेग बदलला की अर्धवट भरलेल्या टाकीतले पाणी एका बाजूला जाऊन आदळतेच.

अजिंठ्याचा घाट उतरण्यापूर्वी टाकीतले पाणी संपले. पुढच्या थांब्यावर गाडी सुटली आणि मागच्या बाकावरून आई म्हणाली, ‘‘अरे, टाकी तर कोरडी आहे. मग हे काय आदळतंय?’’ त्या प्रश्नाने आमची समजूत मोडली. नऊशे किलोमीटर ज्या आवाजाचे मूळ ठाऊक आहे असे आम्ही धरून चाललो होतो, तो आवाज दुसऱ्याच कशाचा तरी होता.

सध्या भाड्याने मिळणाऱ्या किंवा हौसेने बांधून घेतलेल्या कॅराव्हॅनमधून प्रवासाला निघणारी कुटुंबे गोव्यातही दिसू लागली आहेत. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण आखले. ही वाहने वाढतील तसा त्यांच्यातील आवाजांचा प्रश्नही घरोघरी येईल. म्हणून या आवाजांचा माग कसा काढावा, हे थोडे तपशिलाने पाहू.

आवाज मुळात होतो कसा?

गाडीतील बहुतेक अनाहूत आवाज दोनच कारणांनी होतात. पहिले कारण म्हणजे फट. दोन वस्तूंमध्ये थोडी मोकळी जागा राहिली, की कंपनामुळे त्या एकमेकींवर आपटतात. ताटल्यांचा ठणठणाट, कपाटाच्या कडीची टकटक, सैल पत्र्याची खडखड ही सर्व या कुळातली. दुसरे कारण म्हणजे घर्षण. एकमेकांना घट्ट टेकलेले दोन पृष्ठभाग क्षणभर चिकटतात, ताण वाढला की सुटून घसरतात, पुन्हा चिकटतात. हे सेकंदाला शेकडो वेळा घडले की करकर किंवा कुरकुर ऐकू येते. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरवल्यावर सूर निघतो तो याच तत्त्वाने. फरक एवढाच, की तेथे तो हवा असतो.

या दोन कारणांचे उपाय परस्परविरुद्ध आहेत. फटीमुळे होणारा आवाज आवळून किंवा मध्ये नमद्याची पट्टी घालून थांबतो. घर्षणाचा आवाज मात्र आवळल्याने अनेकदा वाढतो. तेथे दोन पृष्ठभाग वेगळे करावे लागतात किंवा मध्ये निसरडी पट्टी लावावी लागते. मूळ न ओळखता दिसेल तो स्क्रू पिळणाऱ्याची निराशा होते, ती यामुळेच.

याशिवाय अनुनाद हा तिसरा खेळाडू. प्रत्येक पत्र्याला, फळीला आणि नळीला कंपनाची स्वतःची एक गती असते. बाहेरून तेवढ्याच गतीचे धक्के मिळाले की ती वस्तू जोराने थरथरू लागते. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात. म्हणजे मिनिटाला 1500 फेरे असताना सेकंदाला 50 धक्के बसतात. एखादे कपाटाचे दार नेमके याच गतीला दाद देत असेल, तर ते 1500 फेऱ्यांच्या आसपास घुमेल आणि 1800 वर गप्प बसेल. ‘अमुक वेगालाच आवाज येतो’ या तक्रारीमागे बहुधा हेच असते.

गोव्याहून कोरड्या प्रदेशात जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या दमट हवेत फर्निचरच्या लाकडी चौकटी ओलावा शोषून फुगलेल्या असतात आणि सांधे घट्ट बसतात. खानदेश-निमाडच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, हवा कोरडी होते, लाकूड आक्रसते आणि मडगावात मुकी असलेली कपाटे भुसावळला बोलू लागतात. हा बिघाड नव्हे. हा ऋतूचा परिणाम आहे. पावसाळ्यात त्याच सांध्यांची कुरकुर थांबून दारे अडकू लागतील. त्यामुळे अशा वेळी स्क्रू फार पिळू नयेत.

कान कोठे फसतो?

आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे आपण दोन्ही कानांपर्यंत तो पोहोचण्यातील अत्यल्प वेळेच्या फरकावरून ओळखतो. हा फरक जास्तीत जास्त एका मिलिसेकंदाच्या दोन-तृतीयांशाएवढा असतो. मोकळ्या मैदानात ही युक्ती छान चालते. बंद डब्यासारख्या व्हॅनमध्ये मात्र आवाज भिंतींवरून परावर्तित होऊन चहूबाजूंनी येतो. खर्जातल्या आवाजांची गोष्ट आणखी वेगळी. सेकंदाला 50 कंपनांच्या आवाजाची तरंगलांबी हवेत जवळजवळ सात मीटर, म्हणजे बहुतेक व्हॅनपेक्षा लांब. त्याची दिशा केवळ कानाने कळणे जवळपास अशक्य असते.

त्यातच पोलादातून आवाज हवेच्या सुमारे पंधरापट वेगाने धावतो आणि फारसा क्षीण न होता दूर जातो. मागच्या चाकाजवळचा ठोका चासीमधून पुढे येऊन चालकाच्या आसनाखाली उमटू शकतो. म्हणून ‘येथे ऐकू येतो’ आणि ‘येथे निर्माण होतो’ ही दोन विधाने कधीही एक मानू नयेत.

सर्वांत धोकादायक फसवणूक आच्छादनाची. जोराचा आवाज क्षीण आवाजाला झाकतो. त्यापेक्षाही, सततच्या गोंगाटाला सरावलेले मन नव्या आवाजाकडे लक्षच देत नाही. ताटल्यांचा ठणठणाट स्वतः निरुपद्रवी असतो. पण त्याच्याआड चाकाच्या बेअरिंगची घरघर दडली, तर तो ठणठणाट निरुपद्रवी राहत नाही. फिरत्या घरातले किरकोळ आवाज बंद करण्याचे खरे कारण सुखसोय हे नसून सुरक्षितता हे आहे.

शोधाची पद्धत

पहिली पायरी वहीची. आवाज केव्हा येतो ते लिहावे: गाडी उभी असताना की चालताना, कोणत्या वेगाला, कोणत्या गिअरमध्ये, ब्रेक दाबताना, वळताना, खड्ड्यात, सकाळच्या गारव्यात की दुपारच्या उन्हात, टाकी भरलेली असताना की रिकामी असताना. आवाजाचे नावही लिहावे. या बाबतीत मराठी भाषा मोठी उदार आहे. खडखड, खुळखुळ, टकटक, करकर, घरघर, घुमघुम, शीळ, धप्प; यांतला प्रत्येक शब्द वेगळ्या कारणाकडे बोट दाखवतो. मिस्त्रीपुढे ‘काहीतरी वाजतंय’ म्हणण्यापेक्षा ‘सुटताना एकदाच धप्प वाजते’ म्हटले, तर त्याचे निम्मे काम झालेले असते.

दुसरी पायरी इंजिन आणि चाके यांना वेगळे करण्याची. गाडी उभी करून इंजिनाचे फेरे हळूहळू वाढवावेत. आवाज आला तर तो इंजिन, सायलेन्सर किंवा त्यांच्या कंपनाने हलणाऱ्या वस्तूंचा. उभ्या गाडीत न येणारा आवाज रिकाम्या रस्त्यावर एकाच वेगाला दोन वेगवेगळ्या गिअरमध्ये ऐकावा. गिअर बदलल्यावर आवाज बदलला, तर त्याचे नाते इंजिनाशी; नाही बदलला, तर चाकांशी किंवा हवेशी. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून ऐकण्याचा प्रयोग मात्र कधीही करू नये.

चाकाशी जोडलेला ठोका चक्क मोजता येतो. चाकाचा घेर साधारण सव्वादोन मीटर धरला, तर ताशी 20 किलोमीटर वेगाला ते सेकंदाला अडीच फेरे घेते. या गतीने टकटक येत असेल, तर टायरच्या खाचेत अडकलेला खडा, घुसलेला खिळा किंवा सैल झालेला नट यांपैकी काहीतरी चाकाबरोबर फिरते आहे. वेगाबरोबर वाढणारी आणि लांबट वळणावर कमी-जास्त होणारी घरघर बेअरिंगची असू शकते. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो; त्या वेळी घरघर वाढली, तर संशय उजव्या बाजूवर घ्यावा.

तिसरी पायरी घर रिकामे करण्याची. भांडी, सिलिंडर, खुर्च्या, अंथरुणे सर्व बाहेर काढून त्याच रस्त्याच्या त्याच तुकड्यावरून त्याच वेगाने फेरी मारावी. आवाज गेला असेल, तर सामान निम्मे-निम्मे परत ठेवावे. सोळा संशयित वस्तूंमधून एक गुन्हेगार शोधायला या रीतीने चारच फेऱ्या पुरतात. एकेक वस्तू तपासत बसल्यास पंधरा लागू शकतात. एका फेरीत एकच बदल, हा नियम मोडू नये. दोन बदल केले आणि आवाज थांबला, तर कशाने थांबला हे कळत नाही, आणि तो परत आल्यावर शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

ऐकणारा माणूस चालक नसावा. त्याने मागच्या आसनावर पट्टा बांधून बसावे, हात पोहोचेल ती फळी, कडी, काच एकेक करून दाबून पाहावी. दाबल्यावर आवाज थांबला की जागा सापडली. हात पोहोचत नाही त्या कपाटात ध्वनिमुद्रण सुरू करून भ्रमणध्वनी ठेवावा आणि नंतर ऐकावे. उभ्या गाडीत मुठीने हलके ठोके मारूनही सैल पत्रे ओळखता येतात. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक उभ्या गाडीच्या न फिरणाऱ्या भागावर टेकवून मूठ कानाजवळ धरणे, हा मिस्त्रींचा जुना स्टेथोस्कोप आजही उत्तम चालतो. पट्टा आणि पंखा यांपासून मात्र हात, केस आणि कपडे दूर हवेत.

घरातले नेहमीचे संशयित

ताटल्या उभ्या रचून मध्ये कापड घालावे. कपाटांना केवळ चुंबकी पकड असेल, तर दाबून बसणारी कडी लावावी. पाण्याच्या छोट्या पंपाची घुमघुम बहुधा पंपाची नसते. त्याची नळी प्लायवूडला टेकलेली असते आणि फळी ढोलासारखी वाजते. नळीभोवती फोमची पट्टी गुंडाळली की काम होते. वेग वाढल्यावर छतावरून येणारी शीळ सौर पॅनेलच्या फटीतून जाणाऱ्या हवेची. फटीवर तात्पुरती चिकटपट्टी लावून पाहावी. शीळ थांबली तर कायमचा उपाय करावा. पॅनेलचे बोल्टही त्याच वेळी तपासावेत, कारण तेथून सुटलेली वस्तू मागच्या दुचाकीस्वारावर पडते. मोकळी लोंबणारी वायर पत्र्यावर टकटक करते तेव्हा ती केवळ कानाला त्रास देत नाही. तिचे आवरण झिजून शॉर्टसर्किट होऊ शकते.

गॅसच्या सिलिंडरचा खडखडाट वेगळ्या गांभीर्याने घ्यावा. सिलिंडर उभा आणि पट्ट्याने घट्ट बांधलेला असावा, प्रवासात रेग्युलेटर बंद असावा. सतत हादरणाऱ्या सिलिंडरमुळे नळीचा सांधा सैल होऊ शकतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो फरशीलगत साचतो. तपासणी साबणाच्या फेसाने करावी, काडी पेटवून कधीही नाही. गाडीत असे बदल करण्यापूर्वी कायदाही पाहावा. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीपत्रातील तपशील बदलेल असा फेरफार मालकाला मनाला येईल तसा करता येत नाही.

बऱ्हाणपुरात काय सापडले?

रावेर ओलांडून केळीच्या बागांमधून आम्ही बऱ्हाणपुरात शिरलो, तोवर भांडी कापडात गुंडाळली होती, कड्या बांधल्या होत्या, टाकी कोरडी होती. आता गाडीत एकच आवाज उरला होता आणि तो लपत नव्हता. गाडी सुटताना धप्प, ब्रेक दाबताना धप्प. रस्ता चांगला की वाईट, याच्याशी त्याचे नाते नव्हते.

एका छोट्या गॅरेजमधील वयस्क मिस्त्रीने आधी गाडीखाली पाहिलेच नाही. त्याने प्रश्न विचारले. उलट्या गिअरमध्येही वाजते का? अलीकडे मागे काही काम केले का? केले होते. घराचा भार वाढला म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी मागच्या स्प्रिंगमध्ये एक जादा पाटा टाकून घेतला होता. तो गप्प झाला. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावून, ब्रेकवर हलका पाय ठेवून गाडी पहिल्या आणि उलट्या गिअरमध्ये किंचित ओढायला सांगितली आणि स्वतः बाजूला सुरक्षित अंतरावर बसून पाट्यांकडे पाहत राहिला. दुसऱ्याच खेपेस त्याने हात वर केला. धपक्याबरोबर पाट्यांचा थर आणि अ‍ॅक्सल यांच्यात केसाएवढी हालचाल होत होती. यू-बोल्टच्या नटांभोवती तांबूस भुकटी जमली होती. सैल सांध्यात लोखंडावर लोखंड घासले की असा गंज उमटतो.

यू-बोल्टचे काम पाट्यांचा थर अ‍ॅक्सलवर घट्ट आवळून धरण्याचे. थराच्या मधून जाणारा एक बोल्ट असतो. तो केवळ जागा नेमकी राखण्यासाठी, भार पेलण्यासाठी नव्हे. यू-बोल्ट सैल झाले की गाडी सुटतानाचा आणि ब्रेकचा सगळा जोर त्या एका मधल्या बोल्टवर येतो. तो तुटला तर अ‍ॅक्सल एका बाजूने सरकतो आणि गाडी चालकाच्या हातात राहत नाही. आम्ही त्याच अवस्थेत चोर्ला आणि अजिंठा, दोन्ही घाट पार केले होते. नव्या पाट्यांचे थर भाराखाली दबून बसतात, म्हणून असे काम केल्यावर पहिल्या काहीशे किलोमीटरांनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते.

नवे यू-बोल्ट आणि नवा मधला बोल्ट बसला. चाके जमिनीवर, गाडीचा भार त्यांच्यावर, अशा स्थितीत नट तिरप्या जोड्यांनी थोडे-थोडे आवळले गेले. पैसे घेताना मिस्त्री म्हणाला, ‘‘भाऊ, असीरगड पाहून या आणि जाण्याआधी परत एकदा दाखवा.’’ आम्ही किल्ला पाहून आलो. त्याने पुन्हा पाना लावला, तेव्हा नट अर्धा फेरा फिरला. त्याचे बालपण यंत्रमागाच्या खोलीत गेले होते, हे त्याने बोलता बोलता सांगितले. बऱ्हाणपुरात हे नवल नाही. शहराच्या अनेक गल्ल्यांत मागांची खटखट दिवसभर चालू असते. त्या लयीत वाढलेल्या माणसाला एक ठोका चुकल्याचे कळते. आपल्याला आधी लय ऐकायची सवय करावी लागते.

केव्हा थांबावे?

काही आवाजांचा माग काढत बसू नये. गाडी सुरक्षित जागी उभी करून मदत बोलवावी. ब्रेक दाबताना धातूवर धातू घासल्याचा आवाज, चाकाकडून येणारा ठोका आणि त्यासोबत स्टिअरिंगमधील थरथर, सुटताना किंवा ब्रेक दाबताना नव्याने सुरू झालेला धपका, गाडीखालून येणारा फिरत्या दांड्याचा आघात, आणि कोणत्याही आवाजासोबत गॅसचा, रबराचा किंवा जळक्या वायरचा वास, ही अशी लक्षणे आहेत. चाक काढून बसवल्यावर 50 ते 100 किलोमीटरांनी नट पुन्हा तपासावेत. आणि केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणत्याही कारणाने शिरू नये. त्यासाठी स्टँड किंवा गॅरेजचा खड्डाच हवा.

परतीच्या वाटेवर टाकी पुन्हा भरली होती. गाडी सुटताना पाण्याचा आवाज आला. तो मऊ होता, किंचित उशिरा येणारा आणि दोनदा हेलकावणारा. मागच्या बाकावर आईने मान वर केली, क्षणभर ऐकले आणि म्हणाली, ‘‘हं. हे पाणीच.’’ दोन आवाजांत एवढा स्पष्ट फरक होता. जाताना आम्ही तो ऐकला नाही, कारण उत्तर आधीच ठरवून ठेवले होते.